कार्लोटाचा काळा पडलेला चेहरा: एका मोडलेल्या स्कायरिमची पुन्हा उभारणी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. सांगलीला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झालं, फराळाचं ताट पुढे आलं आणि भाचा लॅपटॉप उघडून शेजारी येऊन बसला. "मामा, स्कायरिम उघडतच नाही. लोगो येतो आणि एकदम डेस्कटॉप. काल रात्री चांगला चालला होता."

"काल रात्री आणि आजच्या मध्ये काय केलंस?"

"काही नाही. एक मॉड काढला फक्त."

स्कायरिम हा कॉम्प्युटरवरचा गेम, आणि मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवून त्यात घातलेली भर. 'काही नाही' आणि 'एक मॉड काढला' ही दोन्ही वाक्यं त्याच्या दृष्टीनं एकच होती. पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही दोघांनी जे काही केलं ते या दोन वाक्यांमधलं अंतर समजून घेण्यासाठीच. मी २०१२ पासून हा गेम मॉड लावून खेळतो आहे आणि अशी मोडलेली मांडणी अनेकांच्या लॅपटॉपवर पाहिली आहे. पण या वेळी प्रत्येक पायरी कागदावर टिपत गेलो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. भाचा सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची फील्डबुक लिहायची सवय इथे फार उपयोगी पडली.

काय सापडलं

ज्यांनी मॉड कधी लावले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कायरिमच्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचा फोल्डर असतो. गेमचा मूळ ऐवज, म्हणजे आकृत्या, चित्रं, आवाज, तिथे मोठ्या बंद गठ्ठ्यांमध्ये ठेवलेला असतो. या गठ्ठ्यांना बीएसए म्हणतात. त्याच नावाची सुटी फाइल बाजूला ठेवली की गेम गठ्ठ्यातली सोडून सुटी उचलतो. जगातल्या माणसांची, वस्तूंची, जागांची नोंद मात्र वेगळ्या फाइलींत असते: ईएसएम, ईएसपी, ईएसएल. यांना प्लगइन म्हणतात. म्हणजे मॉडचे दोन भाग असू शकतात, दिसणारा माल आणि नोंदवही. काही मॉडमध्ये पहिलाच भाग असतो, काहींत दुसराच, बऱ्याच मॉडमध्ये दोन्ही.

भाच्यानं सुरुवातीचे तीस-चाळीस मॉड झिप उघडून सरळ डेटा फोल्डरमध्ये ओतले होते. विंडोजनं विचारलं की 'रिप्लेस ऑल'. एकदा असं झालं की खाली दबलेली फाइल गेली ती गेलीच. कोणती फाइल कोणत्या मॉडची हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून व्होर्टेक्स हे मॉड सांभाळणारं साधन बसवलं आणि पुढचे मॉड त्यातून लावले. शिवाय एका मित्राच्या पेन ड्राइव्हवरून 'रेडीमेड पॅक' म्हणून एक फोल्डर आला होता, तोही त्यातच.

गेम न उघडण्याचं थेट कारण अर्ध्या तासात सापडलं. आदल्या रात्री काढलेला मॉड शस्त्रांचा होता. पण दुसऱ्या एका मॉडच्या इन्स्टॉलरमध्ये 'पॅच' या सदराखाली दहा-बारा चौकटी होत्या आणि भाच्यानं सगळ्यांवर टिक केली होती. त्यातला एक पॅच या शस्त्रांच्या मॉडवर बेतलेला होता. प्रत्येक प्लगइनच्या डोक्याशी त्याला कोणकोणती प्लगइन लागतात याची यादी असते, त्यांना मास्टर म्हणतात. मास्टर जाग्यावर नसेल तर गेम सुरुवातीलाच कोसळतो. पॅच राहिला, मास्टर गेला. तो एक पॅच बंद केल्यावर मेनू दिसला.

भाचा खूश झाला. मी नाही झालो, कारण मेनूच्या आधी एक खिडकी येत होती आणि तो ती महिनाभर न वाचता बंद करत होता.

ती खिडकी स्क्रिप्ट एक्स्टेंडरची होती. एसकेएसई हे त्याचं रोजचं नाव. मूळ गेमची स्क्रिप्ट भाषा मर्यादित आहे. एसकेएसई गेमच्या चालू प्रोग्रॅमला जोडून घेऊन ती मर्यादा वाढवतं, आणि त्याच्या आधारानं डीएलएल (छोटा प्रोग्रॅम) असलेले मॉड चालतात. हे मॉड गेमच्या आतल्या एखाद्या ठरावीक फंक्शनला हात घालतात. ते फंक्शन प्रोग्रॅममध्ये नेमकं कुठे आहे हा पत्ता गेमच्या आवृत्तीगणिक बदलतो. म्हणून 'अ‍ॅड्रेस लायब्ररी' नावाचा मॉड आहे. तो म्हणजे पत्त्यांची डिरेक्टरीच. मॉड फंक्शनचा क्रमांक सांगतो, डिरेक्टरी या आवृत्तीतला पत्ता देते. अख्खं गाव धरणाखाली जाऊन नव्या जागी वसलं तर जुनी डिरेक्टरी घेऊन कुणाचं घर सापडणार? इथे तेच झालं होतं.

भाच्याच्या गेमची आवृत्ती १.६.११७० होती. स्कायरिमएसई या प्रोग्रॅम फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स', इतकं केलं की हा आकडा दिसतो. त्याच्या फोल्डरमध्ये अ‍ॅड्रेस लायब्ररीची जी फाइल होती तिचं नाव होतं 'व्हर्जन-१-५-९७-०'. पाहिजे होती 'व्हर्जनलिब-१-६-११७०-०'. फाइलच्या नावातच निदान लिहिलेलं होतं. मी त्याला दोन्ही नावं मोठ्यानं वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचताना त्याचं त्यालाच कळलं.

चूक कशी झाली तेही पाहण्यासारखं आहे. मूळ स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ चा. स्पेशल एडिशन २८ ऑक्टोबर २०१६ ला आली, ती ६४-बिट होती, आणि तिथून मॉडची दुसरी पिढी सुरू झाली. ११ नोव्हेंबर २०२१ ला अ‍ॅनिव्हर्सरी एडिशनबरोबर गेम १.६ वर गेला, आतले पत्ते हलले आणि डीएलएलचे मॉड नव्यानं बांधावे लागले. बरेच जण मुद्दाम १.५.९७ वरच थांबून राहिले. त्यामुळे आज व्हिडिओ शोधायला गेलात तर तिन्ही काळांतले सल्ले एकाच रांगेत समोर येतात. भाच्यानं पाहिलेल्या दोन व्हिडिओंपैकी एक २०२० चा होता. त्यात जे सांगितलं होतं ते त्या वेळी शंभर टक्के बरोबर होतं.

मोकळी जागा

मी म्हटलं, हे दुरुस्त करत बसायचं नाही, नव्यानं मांडायचं. कारण एक-दोन चुका सापडल्या म्हणजे सगळ्या सापडल्या असं या फोल्डरबद्दल कधीच म्हणता आलं नसतं.

अडचण अशी की ताईकडे ब्रॉडबँड नाही. भाच्याच्या मोबाइलवर दिवसाला दीड जीबी मिळतं, त्यावर सगळं भागवायचं. अख्खा गेम काढून परत उतरवायचा म्हटला तर दिवाळीची सुट्टी त्यातच गेली असती. म्हणून वेगळा रस्ता धरला. आधी व्होर्टेक्समधून 'पर्ज' केलं, म्हणजे त्यानं पसरलेल्या फाइली त्यानंच गोळा केल्या. मग डेटा फोल्डरमधल्या गेमच्या स्वतःच्या फाइली ओळखून ठेवल्या: स्कायरिम, अपडेट, डॉनगार्ड, हार्थफायर्स आणि ड्रॅगनबॉर्न ही पाच मूळ ईएसएम, 'स्कायरिम' नावानं सुरू होणारे गठ्ठे, 'सीसी' नं सुरू होणाऱ्या फाइली. बाकी सगळं डी ड्राइव्हवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवलं. हलवलं म्हणतोय, उडवलं नाही. मग स्टीममधून, म्हणजे गेम जिथून घेतला त्या ऑनलाइन दुकानातून, फाइलींची पडताळणी चालवली. इथे एक गैरसमज फार आढळतो. ही पडताळणी गेमच्या स्वतःच्या फाइली कमी-जास्त असतील तर भरून आणते, पण तुम्ही बाहेरून टाकलेल्या फाइली काढत नाही. म्हणून आधी हातानं साफ करायचं, मग पडताळायचं. आमच्याकडून चुकून हललेल्या दोन-तीन फाइली तिनं परत आणल्या, थोडक्या डेटात काम झालं.

त्याच वेळी स्टीममधूनच गेम 'प्रोग्रॅम फाइल्स' मधून उचलून डी ड्राइव्हवर नेला. विंडोज त्या फोल्डरवर पहारा ठेवतं, मॉडच्या साधनांना तिथे लिहायला आडकाठी होते आणि अशा चुका शोधून सापडत नाहीत.

भाच्यानं उतरवलेले झिप मात्र सगळे जपून ठेवलेले निघाले. त्या सवयीनं आमचं निम्मं काम वाचवलं.

पेन ड्राइव्हवरचा पॅक मी लावू दिला नाही. त्यात कुणाचं नाव नव्हतं, कोणती आवृत्ती ते नव्हतं, सूचना नव्हत्या आणि चार डीएलएल होत्या. डीएलएल म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम आहे, चित्र नाही. दुसरं कारण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. मॉड करणारी माणसं रात्री जागून, बहुतेक वेळा एक पैसा न घेता हे काम करतात आणि मॉडच्या पानावर काय लागतं, कशाशी जमत नाही, कोणत्या क्रमानं लावायचं हे सविस्तर लिहितात. पॅक करणारा ते पानच फाडून टाकतो. लेखकाचं श्रेयही जातं आणि वापरणाऱ्याची दिशाही.

सेव्ह फाइलनं दिलेली यादी

आता प्रश्न होता, नेमके कोणते मॉड होते? भाच्याला सत्तरेक आठवत होते, काहींची नावं अर्धवट. पण स्कायरिमची सेव्ह फाइल स्वतःच साक्षीदार असते. सेव्ह करताना कोणती प्लगइन लावलेली होती त्यांची यादी तिच्यात लिहिली जाते. 'रीसेव्हर' नावाच्या छोट्या साधनात शेवटची सेव्ह उघडली. गेमची स्वतःची सोडून ५३ प्लगइन निघाली. भाच्यानं ती एकेक करून फील्डबुकात उतरवली आणि प्रत्येकापुढे रकाना आखला: हवा, नको, आठवत नाही. 'आठवत नाही' मध्ये अकरा होती. ती सरळ वगळली. ज्यांच्यात नुसता दिसणारा माल होता असे मॉड या यादीत येत नाहीत, ते झिपवरून ओळखले.

याच रीसेव्हरनं मला एक वाईट बातमीही दिली, ती भाच्याला सांगणं जड गेलं. त्या सेव्हमध्ये त्याचे ६२ तास होते. पात्र ३४ व्या लेव्हलला पोचलेलं. गेममधल्या व्हाइटरन शहरातलं ब्रीझहोम घर पाच हजार सोन्याची नाणी साठवून घेतलेलं. लिडिया ही गेममधली साथीदार सोबत. त्याला वाटत होतं, मॉड नीट लावले की तीच सेव्ह पुढे चालू होईल.

स्कायरिमची स्क्रिप्ट भाषा पपायरस. मॉडची स्क्रिप्ट एकदा चालू झाली की तिची त्या क्षणाची अवस्था सेव्हमध्ये जाऊन बसते. मॉड काढला तरी ती अवस्था तिथेच राहते, तिचं मूळ मात्र गेलेलं असतं. रीसेव्हरमध्ये अशा बेवारस स्क्रिप्टचा आकडा शेकड्यांत दिसत होता, कारण महिनाभर तो मॉड लावत होता, काढत होता आणि त्याच सेव्हवर खेळत होता. हे साधन त्या बेवारस नोंदी पुसू शकतं. पण अर्धवट सुटलेली मोहीम, चुकीच्या जागी अडकलेलं पात्र, चुकीचा राहिलेला एखादा आकडा, यातलं काही ते दुरुस्त करू शकत नाही. अशी सेव्ह उघडते, तासभर चांगली चालते, आणि वीस तासांनी अशा ठिकाणी फसते की कारण शोधणं अशक्य असतं.

मी त्याला म्हटलं, "तू ठरव. ही चालवायची असेल तर माझी मदत आहे. पण माझं मत विचारशील तर नवा गेम."

तो बराच वेळ बोलला नाही. ताईनं मध्येच चहा आणून ठेवला, तो निवला. मग त्यानं 'सेव्हज' चा फोल्डर जसाच्या तसा डी ड्राइव्हवर कॉपी केला, नाव दिलं 'पहिली लिडिया', आणि म्हणाला, "चला, हेल्गेनपासून." हेल्गेन म्हणजे गेम जिथे सुरू होतो ते गाव.

पाया

पुढची उभारणी मॉड ऑर्गनायझरमध्ये केली. व्होर्टेक्सही चांगलं साधन आहे आणि कित्येकांना तेच सोयीचं जातं, पण शिकण्यासाठी मी मॉड ऑर्गनायझर निवडतो. त्यात प्रत्येक मॉड स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतो. गेमचा डेटा फोल्डर कोराच असतो. मॉड ऑर्गनायझरमधून गेम चालू केला की तेवढ्या वेळापुरते हे सगळे फोल्डर डेटात आहेत असा देखावा तो गेमपुढे उभा करतो. टिक काढली की मॉड गेला, मागे काही उरत नाही. मात्र गेम, एसएसई-एडिट (नोंदी तपासायचं साधन), लूट (प्लगइनचा क्रम लावणारं साधन), सगळं त्याच्यातूनच उघडायचं. बाहेरून उघडलेल्या साधनाला मॉड दिसतच नाहीत. भाचा पहिल्या दिवशी यात दोनदा फसला.

मॉड लावण्याआधी कोरा गेम एकदा चालवून बंद केला, म्हणजे सेटिंगच्या फाइली तयार झाल्या. मग एसकेएसई, हे एकच मूळ फोल्डरमध्ये हातानं ठेवलं. पाठोपाठ योग्य अ‍ॅड्रेस लायब्ररी, क्रॅश लॉगर (गेम कोसळल्याची नोंद ठेवणारा), स्काययूआय (मेनू सुधारणारा) आणि अनऑफिशियल पॅच (गेममधल्या चुका दुरुस्त करणारा). गेममध्ये कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'गेटएसकेएसईव्हर्जन' टाइप केलं, आकडा आला, तो फील्डबुकात गेला. स्टीममध्ये 'चालू करीन तेव्हाच अपडेट कर' हे सेटिंग ठेवलं आणि यापुढे गेम फक्त एसकेएसईमार्फत उघडायचा हे ठरलं. ५ डिसेंबर २०२३ ला १.६.११३० आली तेव्हा पत्ते पुन्हा बदलले होते. पुढेही बदलतील, पण कधी बदलू द्यायचे ते आता तो ठरवेल.

त्यानंतरचा नियम एकच होता. चार-पाच मॉड लावायचे, मेनूवरूनच कन्सोलमध्ये 'सीओसी रिव्हरवुड' लिहून थेट गावात उतरायचं, पाच मिनिटं हिंडायचं, मग पुढचे चार-पाच. या तपासणीतली सेव्ह ठेवायची नाही. दुसऱ्या संध्याकाळी रात्री साडेअकरापर्यंत अडतीस मॉड लागले आणि एकदाही गेम कोसळला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी व्हाइटरनच्या बाजारात गेलो.

कार्लोटा

कार्लोटा व्हॅलेंशिया व्हाइटरनच्या चौकात फळं-भाजी विकते. भाचा तिच्या गाळ्यापाशी गेला आणि थबकला. तिची मान, हात, सगळं नेहमीच्या रंगाचं. चेहरा मात्र शिसपेन्सिल घासल्यासारखा काळाकरडा. गळ्याशी एक सरळ रेघ, तिच्या वर राखाडी, खाली कातडीचा रंग.

"मामा, हे टेक्स्चर खराब आहे का?"

सगळ्यांना पहिल्यांदा हेच वाटतं. टेक्स्चर, म्हणजे आकृतीवर चढवलेलं चित्र, सापडलं नाही तर गेम वस्तू जांभळी रंगवतो, आकृती सापडली नाही तर तिच्या जागी लाल त्रिकोण उभा करतो. काळा चेहरा म्हणजे दोन्ही फाइली जागेवर आहेत, पण त्यांचं एकमेकांशी जुळत नाही.

स्कायरिममध्ये माणसाचा चेहरा दोन ठिकाणी लिहिलेला असतो. प्लगइनमध्ये त्याची नोंद असते: कोणते डोळे, कोणते केस, कोणती भुवई. आणि त्याच नोंदीवरून आधीच घडवून ठेवलेली डोक्याची आकृती व तिच्यावरची रंगछटा वेगळ्या फाइलींत असते. गेम दोन्ही ताडून बघतो. लग्नपत्रिकेवर एक कार्यालय छापलंय आणि मांडव दुसऱ्याच कार्यालयात पडलाय असं झालं की चेहरा काळा.

भाच्याच्या मांडणीत दोन मॉड कार्लोटाला हात लावत होते. एक चेहरे सुधारणारा. त्याच्यात नोंदही होती आणि घडवलेली डोकीही. दुसरा गावकऱ्यांना नवे कपडे देणारा, त्याच्यात चेहऱ्याची एकही फाइल नव्हती. भाच्याचा सवाल रास्त होता. "कपड्यांच्या मॉडनं चेहऱ्याला काय केलं?"

एसएसई-एडिट उघडलं. डावीकडे फांद्यांसारखी उघडत जाणारी यादी, त्यात कार्लोटाची नोंद. तिच्यावर क्लिक केल्यावर उजवीकडे तीन उभे रकाने: पहिला मूळ गेमचा, दुसरा चेहऱ्यांच्या मॉडचा, तिसरा कपड्यांच्या मॉडचा. जिथे फरक तिथे रंग. सर्वांत उजवीकडचा रकाना जिंकतो. कपड्यांच्या मॉडनं खरं तर एकच ओळ बदलली होती, 'डिफॉल्ट आउटफिट'. पण त्याच्या रकान्यात चेहऱ्याच्याही सगळ्या ओळी होत्या, मूळ गेममधून जशाच्या तशा उतरलेल्या.

"म्हणजे साइटवर आर-थ्री ड्रॉइंग आलं की आर-टू बाद," भाचा म्हणाला. आर म्हणजे रिव्हिजन, नकाशाची सुधारित प्रत.

"बरोबर. आणि आर-थ्री काढणाऱ्यानं आर-टू पाहिलेलंच नाही. त्यानं आर-वन वरून थेट काढलंय."

इथे तो गप्प झाला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. मला वाटतं, तीन दिवसांत त्याला सगळ्यात मोठी गोष्ट याच क्षणी कळली. मॉडमध्ये बदललेली ओळ जिंकत नाही, अख्खं पान जिंकतं. ज्याचं पान शेवटी, त्याचं सगळं खरं. त्यानं न बदललेलंसुद्धा.

मॉड ऑर्गनायझरमध्ये दोन याद्या असतात. डावीकडे मॉडचा क्रम, तो फाइलींचं भांडण मिटवतो. उजवीकडे प्लगइनचा क्रम, तो नोंदींचं. डावीकडे घडवलेली डोकी फक्त चेहऱ्यांच्या मॉडची, म्हणून तीच चालत होती. उजवीकडे कपड्यांचं प्लगइन शेवटी, म्हणून नोंद त्याची. भाच्यानं उजवीकडची यादी लूट या साधनाकडून लावून घेतली होती आणि तो निर्धास्त होता. लूट उत्तम आहे, मी रोज वापरतो. पण ते फक्त उजवीकडची यादी लावतं. आणि तुम्हाला कार्लोटाचा चेहरा हवाय की कपडे हे त्याला माहीत नसतं. तो निर्णय माणसाचाच.

आम्हाला दोन्ही हवं होतं. एसएसई-एडिटमध्ये चेहऱ्यांच्या मॉडच्या नोंदीवर राइट क्लिक करून ती एका नव्या प्लगइनमध्ये उतरवली. चौथा रकाना तयार झाला. साधनानं धोक्याची सूचना दिली, ती या वेळी भाच्यानं पूर्ण वाचली. मग तिसऱ्या रकान्यातली 'डिफॉल्ट आउटफिट' ची चौकट माउसनं धरून चौथ्या रकान्यात नेऊन सोडली. एवढंच. प्लगइन हलकं म्हणून नोंदवलं, म्हणजे ते पूर्ण प्लगइनच्या २५४ च्या मर्यादेत मोजलं जात नाही, आणि उजवीकडच्या यादीत सर्वांत खाली ठेवलं.

पुन्हा व्हाइटरन. कार्लोटा नव्या कपड्यांत, स्वच्छ चेहऱ्यानं कोबी विकत उभी होती.

"मामा, आपण मॉड बनवला."

बनवला होता. एका चौकटीचा, पण त्यानं स्वतः विचार करून बनवलेला. त्याच रात्री त्यानं चौकातल्या आणखी सहा जणांच्या नोंदी तशाच जोडल्या, माझ्याशिवाय.

टेक्स्चरबद्दल थोडंसं

त्याच्या ग्राफिक कार्डला ६ जीबी मेमरी आहे आणि त्यानं डोंगरापासून वाडग्यापर्यंत सगळं फोर-के उतरवलं होतं. फोर-के टेक्स्चर ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचं असतं. नेहमीच्या चांगल्या कॉम्प्रेशनमध्ये, दूरवरून दिसणाऱ्या छोट्या प्रतींसकट, एकेक सुमारे २१ एमबी घेतं. टू-के घेतं साधारण सव्वापाच. हातात धरून बघायच्या वाडग्याला फोर-के देऊन काय मिळतं? डोंगर आणि रस्ते टू-के, भांडीकुंडी वन-के केली. फिरताना बसणारे हिसके थांबले, आणि दीड जीबीच्या हिशेबातही ते बसलं.

फॉकरीथचं झाड

मी पुण्याला परतलो. तीन आठवड्यांनी रविवारी भाच्याचा फोन आला. गेममधल्या फॉकरीथ गावाकडे जाताना एका वळणावर गेम कोसळत होता, प्रत्येक वेळी त्याच जागी.

"लॉग उघडलास?"

"उघडलाय, समोर आहे."

क्रॅश लॉगर गेम कोसळला की 'माय गेम्स' मधल्या एसकेएसईच्या फोल्डरमध्ये एक मजकुराची फाइल ठेवतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती आकड्यांचं रान वाटते. पण त्या रानात अधूनमधून माणसाला वाचता येतील अशी नावं असतात, आणि एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर तिथून सुरुवात करायची. भाच्याला एका पाइनच्या झाडाच्या एनआयएफ, म्हणजे आकृतीच्या, फाइलचं नाव तीनदा दिसलं. त्यानं मॉड ऑर्गनायझरच्या 'डेटा' टॅबमध्ये ते नाव शोधलं, ती फाइल कोणत्या मॉडकडून येते ते बाजूलाच लिहिलेलं असतं. नवा झाडांचा मॉड निघाला, चार दिवसांपूर्वी लावलेला.

मी म्हटलं, आता लगेच मॉड काढू नको. आधी खात्री कर. त्यानं मॉड बंद करून ते वळण पार केलं. न कोसळता गेला. परत चालू करून गेला, कोसळला. मग मॉड काढण्याऐवजी त्यानं त्या एका फाइलवर 'हाइड' केलं. मॉड ऑर्गनायझर फाइलीच्या नावापुढे शेपूट जोडतो आणि गेमला ती दिसेनाशी होते, तिच्या जागी मूळ गेममधलं झाड येतं. बाकीचं जंगल नव्या झाडांचंच राहिलं.

लॉगमधून काही कळलंच नसतं तर काय करायचं हेही त्याला सांगून ठेवलं आहे. निम्मे मॉड बंद करून बघायचं. अडचण राहिली तर चालू निम्म्यात आहे, गेली तर बंद निम्म्यात. पुन्हा त्याचे दोन भाग. ६४ मॉड असले तरी सहा फेऱ्यांत एकावर येतो. मात्र हे कच्च्या सेव्हवरच करायचं आणि मास्टर बंद केला की त्याच्यावर टेकलेली प्लगइनही बंद करायची, नाहीतर भाऊबीजेचा दिवस परत येतो.

फोन ठेवण्याआधी त्यानं फील्डबुकातली त्या दिवसाची नोंद वाचून दाखवली. मी ती त्याच्या परवानगीनं इथे उतरवतो: "२४ नोव्हेंबर. फॉकरीथ, उत्तरेकडचं वळण. झाडाची एक फाइल हाइड. मॉड चालू. तीन वेळा जाऊन पाहिलं. मॉडच्या लेखकाला लॉगसकट कळवायचं आहे, इंग्रजी मामाकडून तपासून घेणे."

मजकूर त्यानं त्याच रात्री पाठवला. गेमची आवृत्ती, एसकेएसईची आवृत्ती, मॉडची आवृत्ती, जागा, फाइलचं नाव, काय करून पाहिलं, सगळं क्रमानं होतं. मी एक स्पेलिंग बदललं.